वरून नाही, वरतेकडून

माझे भाटवे गोमाजी यांना वाकडं काही बघवत नाही. भाटवे म्हणजे बहिणीचे यजमान. आमच्याकडे हाच शब्द. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत उठून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात. पवनीला माझं भांड्यांचं दुकान आहे. एकदा तिथं आले, तर सगळी पातेली एका रेषेत मांडली आणि गिऱ्हाइकानं हात लावू नये म्हणून समोर राखणीला उभे राहिले. त्या दुपारी माझं एक पातेलं खपलं नाही.

मी हे रागानं सांगत नाही. मी त्यांचा साळा आहे, तेव्हा एवढा हक्क मला आहेच.

वरठीच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर, पावसात डोक्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात. हे घरभर लेव्हलची पट्टी घेऊन फिरू लागले. ओटा, चूल, तुळशीचा कट्टा, म्हशीची गव्हाण, सगळ्यांवर पट्टी ठेवून पाहिली. काचेतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला की त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसतं, ते मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी आहे. पुढचा अर्धा भाग स्लॅबचा, भाटव्यांनी नोकरीत असताना बांधलेला. मागच्या अर्ध्या भागावर जुनी कवेलू, म्हणजे कौलं आहेत, भिंती मातीच्या. त्या भागात त्यांच्या धाकट्या भावाची, केशवची, बायको राहते. सुलोचनाबाई. केशव बरीच वर्षं झाली वारला. मुलगा मनिष नागपूरला नोकरी करतो. सुलोचनाबाई इथंच राहिल्या, धानाची शेती भाटव्यांच्या बरोबरीनं करत.

बरोबरीनं म्हटलं खरं, पण या दोघांत यंदापर्यंत एका शब्दाचं बोलणं नव्हतं. भांडण अजिबात नाही. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही ही जुनी रीत. गावात आता ती कोणी पाळत नाही. पोरी तर भासऱ्याच्या मागं गाडीवर बसून भंडाऱ्याला जातात. पण ही दोघं ज्या दिवशी सुलोचनाबाई माप ओलांडून आत आल्या त्या दिवशी जी गप्प झाली, ती गप्पच. मग तीच सवय झाली. भाटवे मागच्या अंगणात जायचे असले की आधी खाकरायचे. चहा झाला की सुलोचनाबाई पितळी गंजावर, म्हणजे पातेल्यावर, चमचा वाजवायच्या. जेवण झालं की पाट सरकवायच्या. बाकी सगळा कारभार माझ्या बहिणीच्या, गोदावरीताईच्या, तोंडून चालायचा.

आणि इथंच सगळा घोटाळा होता. आमच्या ताईला लांब बोलणं आवडत नाही. तिला कोणी पानभर निरोप सांगितला तरी ती चिमूटभर पोचवते. माझ्या लग्नाची बोलणी तिनं केली होती. मुलीच्या बापानं अर्धा तास अटी सांगितल्या आणि ताईनं बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, "हो म्हनते." त्या अटी मला अजून अधूनमधून कळत असतात.

यंदा श्रावणात ताईचा फोन आला.

"प्रविण, दुकान पोराच्या हवाली कर अन् ये. आठ-दहा दिवस राहा."

"काहून?"

"आमच्या पोरीचं, रक्षाचं, बाळंतपन झालं तुमसरले. मी चालली तिकडं. घरी हे दोघंच. मधात बोलाले कोन हाय?"

"भिंत हाय ना," मी म्हटलं.

"भिंत पडून राहिली, म्हनूनच तं बोलावून राहिली तुले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भिंतीचं खरं होतं. सुलोचनाबाईंच्या खोलीची तलावाकडची भिंत तीन-चार पावसाळे सारखी ओली होत होती. मातीची भिंत एकदा मुरली तर पुरती मुरते. आता ती मधोमध फुगली होती, आणि पावसाचा जोर झाला की वरच्या कडेनं आतून पाण्याचे ओघळ यायचे. मागच्या वेळी मनिष आला तेव्हा हात लावून बघत म्हणाला होता, "मोठेबाबा, हे भिंत कवा पडंल सांगता येत नाही. आई खाली झोपते. पोळ्याले येतो अन् आईले घेऊनच जातो." त्याचं काही चुकलं नव्हतं. आई कोणाला नको असते?

पण भाटव्यांच्या काळजात ते रुतलं होतं. दरवर्षी ते स्वतः कवेलू फेरायला चढत, ताडपत्री घालत, डांबर लावत. छपराच्या वरच्या रांगा त्यांनी इतक्या वेळा बदलल्या होत्या की तिथलं प्रत्येक कवेलू नवं होतं. आणि दरवर्षी पाणी यायचंच. पोळा तोंडावर आला होता. भिंत वाचली नाही तर केशवची बायको घरातून जाणार, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

"गावातल्या कोण्या मिस्त्रीला दाखवा ना," मी गेल्या गेल्या म्हटलं.

"मिस्त्री काय पाह्यनार? पानी वरून येते. तुह्या ताईनं मनिषच्या आईले इचारलं ना दरवर्षी. ते सांगते, वरून येते म्हनून."

मी रीतसर टेलिफोन झालो. सकाळी भाटवे म्हणायचे, "इचार, आज भाजी कोनती आनू." चार हातांवर दारात उभ्या सुलोचनाबाई मला सांगायच्या, "भाऊ, त्याईले सांगा, वांगे हायेत घरी." मी मान वळवून म्हणायचो, "वांगी आहेत." भाटवे म्हणायचे, "बरं." दोन दिवसांत मला माझीच कीव आली. दुकानात निदान नफा तरी होतो.

मग झड लागली. झड म्हणजे साधा पाऊस नव्हे. एकदा धरला की दिवस दिवस सोडत नाही, आणि वारा असला तर आडवाच येतो. दुपारी जेवून आम्ही सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलो होतो, तर मागून बादली जोरात आपटल्याचा आवाज आला. भाटव्यांना तो आवाज बरोबर कळला. हातातली सुपारी टाकून ते उठले आणि शिडीकडे धावले.

"अहो, पावसात चढता कुठं?"

"पावसातच समजते कोठून येते तं! धर खालून."

तलावाच्या बाजूनं शिडी लावली. मी खालून धरली. पाणी माझ्या मानेतून थेट पाठीत उतरत होतं. या बाजूला छपराच्या कडेला भाटव्यांनी पत्र्याची पन्हाळ बसवली आहे. वळचणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी उडू नये म्हणून स्वतः पत्रा वाकवून केलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सुतात. बाहेरची कड जरा उंच घेतलेली, पाळीवरच्या वाटेनं जाणाऱ्याच्या अंगावर पाणी पडू नये म्हणून. गावातले लोक ती पन्हाळ बघायला आले होते. बुडबुडा कुठंही ठेवा, मधोमधच.

भाटवे शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोचले आणि वर, छपराच्या मध्याकडे पाहू लागले. तेवढ्यात सुलोचनाबाई डोक्यावर पदर घट्ट ओढून मागच्या दारात आल्या.

"भाऊ, त्याईले सांगा, वरतेकडून येते पानी."

मी ओरडलो, "वरून येते म्हणतात!"

"तेच तं म्हनतो मी!" वरून उत्तर आलं, आणि भाटव्यांनी एक पाय उचलला.

"वरून नाही जी, वरतेकडून!"

"वरूनच म्हणतात!" मी पुन्हा ओरडलो. पावसाचा आवाज एवढा होता की मला माझाच आवाज नीट ऐकू येत नव्हता. शिवाय वरून आणि वरतेकडून यात फरक काय, हे पवनीच्या माणसाला कुठून कळणार?

भाटव्यांनी पन्हाळ ओलांडून पाय कडेच्या कवेलूंवर टेकवला. खालचा बांबू कर्र वाजला. एक कवेलू निसटून माझ्या पायाजवळ फुटलं.

सुलोचनाबाई पावसात धावत आल्या. पदर खांद्यावर पडला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मान वर केली आणि ओरडल्या,

"अजी थांबा! पाय नोका ठेवू तेथं! सडले ते बांबू! तुमची पनाळीच भरून उलटी वाहून राहिली, वर काय पाह्यता!"

भाटवे जिथल्या तिथं थांबले. मी शिडी धरूनच मान वळवून या बाईंकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या घरात तो आवाज भाटव्यांच्या दिशेनं कधी गेलाच नव्हता.

त्यांनी पाय हळूच काढून पुन्हा पायरीवर घेतला. मग खाली, स्वतःच्या पन्हाळीकडे पाहिलं. पन्हाळ काठोकाठ भरली होती. चिंचेचा पाला तरंगत होता. पाणी तोंडाकडे जायचं सोडून जागच्या जागी उभं होतं, आणि छपरावरून नवं आलं की आतल्या बाजूनं, कवेलूंच्या शेवटच्या रांगेखालून, भिंतीच्या माथ्यावर उतरत होतं. तेच आत ओघळत होतं.

"पन सरळ हाय ना ते," भाटवे म्हणाले. कोणाला म्हणाले ते त्यांनाही कळलं नसावं.

"सरळ हाय म्हनूनच उभं राह्यते पानी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "त्या टोकाले जरासं झुकवा ना जी. दरसाल सांगून राहिली, वरतेकडून येते, तलावाकडल्या कडेनं येते. तुमी दरसाल मधातच चढता."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुलोचनाबाईंचं माहेर सिहोऱ्याकडचं. तिथं त्यांच्या वस्तीत तलाव उंचावर आणि शेतं उतारावर, म्हणून तलावाची बाजू म्हणजे वरतं, शेताची बाजू म्हणजे खालतं. त्या दरवर्षी ताईला सांगत, 'वरतेकडल्या कडेनं पाणी येऊन राहिलं.' आणि आमची ताई दरवर्षी पुढच्या सपरीत येऊन नवऱ्याला सांगे, 'वरून येते म्हनते.' कड गेली, बाजू गेली, राहिलं वरून. आणि मी त्याच आईच्या पोटचा, मीही तेच केलं.

भाटव्यांनी शिडी त्या टोकाला न्यायला लावली. पन्हाळीच्या तोंडाशी असलेल्या आकड्याचा बोल्ट त्यांनी ढिला केला आणि थांबले. हात पुढं होईना. जन्मभर माणसानं सगळं सरळ केलं, आता स्वतःच्या हातानं वाकडं करायचं.

"किती?" त्यांनी विचारलं. मी सुलोचनाबाईंकडे पाहिलं, निरोप न्यायच्या तयारीत. पण माझी गरज पडली नाही.

"चार बोटं," त्या थेट म्हणाल्या. "नाही, अजून जरासं. हां. बस जी."

पन्हाळ झुकली. आधी नुसता पाला हलला. मग सगळं उभं पाणी एकदम निघालं आणि तोंडातून धो धो खाली नालीत पडलं. मला असं वाटलं, की कोणी तरी माझ्याच छातीवरून ओझं काढलं. मी मोठ्यानं हसलो. भाटवे शिडीवरूनच वाकून आतल्या कडेला बोट फिरवून बघत होते. तिथं आता पाणी उतरत नव्हतं. ते खाली आले, खोलीत गेले, भिंतीच्या माथ्याकडे बघत उभे राहिले. जुन्या ओघळातून दोन-चार थेंब आले आणि थांबले. बाहेर झड तशीच चालू होती.

"थांबलं रे, प्रविण," ते म्हणाले. "बावा, थांबलं." आणि तिथंच ओल्या जमिनीवर खाली बसले.

कोरडे कपडे घालून आम्ही सपरीत आलो. सुलोचनाबाईंनी गंजावर चमचा वाजवला नाही. पदर सावरून चहा घेऊन आल्या, ठेवला, आणि दाराच्या आत जाऊन चौकटीला टेकून बसल्या. आता तोंड उघडून झालंच होतं. शेवटी मीच विचारलं.

"ताईला तुम्ही दरवर्षी सांगत होता ना? मग काम चुकीचं होतंय हे दिसल्यावर नीट बजावून का नाही सांगितलं?"

त्या म्हणाल्या, "राहनाऱ्यानं किती बोलाव, भाऊ? मनिषचे बाबा गेले तवा तेरवीच्या दिवशी तुमच्या ताईनं येऊन सांगितलं, राहा म्हनतात. राहा म्हटलं, राहिली. त्याईचं घर, त्याईचं छप्पर. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. अजून किती सांगू?"

भाटव्यांनी बशी खाली ठेवली. ते खाकरले. दारात जायच्या आधी खाकरतात तसे. पण उठले नाहीत. पाळीकडे तोंड करून बसले होते, तसेच बसून बोलले.

"म्या तसं नोहतं म्हटलं."

चौकटीआड बांगड्या वाजल्या.

"म्या गोदावरीले सांगितलं होतं, तिले जाऊन सांग, हे घर जेवढं माह्यं, तेवढंच तिचं. कोनी काई म्हनो. तिले कोनी जा म्हननार नाही, अन् तिनं कोनाले इचारून राहाव असं बी नाही. एवढं सांगितलं होतं. एवढं सगळं."

ताईचं 'राहा म्हनतात' मला स्पष्ट ऐकू आलं. मला ताईचा राग आला आणि हसूही आलं. एवढी वर्षं ही बाई त्या घरात पाहुण्यासारखी राहिली होती, आणि भाटवे समजत होते की आपण निरोप पोचवला आहे.

सुलोचनाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग म्हणाल्या, "चहा थंडा होते जी."

भाटव्यांनी बशी उचलली.

झड ओसरल्यावर दोन दिवस ऊन पडलं. कडेचे सडलेले बांबू आम्ही बदलले, शेवटची रांग नव्यानं फेरली, भिंतीचा माथा आणि फुगलेला मधला भाग माती-भुशानं बांधून घेतला. भाटवे अधूनमधून लेव्हलची पट्टी पन्हाळीवर ठेवून बघायचे. बुडबुडा एका बाजूला पळायचा. त्यांना ते बघवत नसे, पण हात लावत नव्हते. सुलोचनाबाई खालून विचारायच्या, "ठीक हाय ना जी?" आणि ते म्हणायचे, "ठीक हाय." मधल्या मध्ये मी रिकामा झालो होतो. पाळीवर जाऊन बसायचो आणि शिंगाडेवाल्यांच्या डोंग्या बघायचो.

पोळ्याच्या सकाळी मनिष आला. आल्या आल्या भिंतीला हात लावला, वर बघितलं, खाली बघितलं. चेहरा मोकळा झाला पोराचा. पण आपलं म्हणणं त्यानं सोडलं नाही. सगळे सपरीत बसलो होतो. मी पिशवी भरून तयार होतो, वरठीहून गाडी पकडायची होती.

"भिंत तं झाली," मनिष म्हणाला, "पन आता वय झालं तुमचं समद्याईचं. आई, तुह्या सुनेनं, टीनानं, खोली आवरून ठेवली तुह्यासाठी. आता चाल."

आई त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिनं पोराकडे पाहिलं, मग मान खाली घातली. आईला लेकाला सरळ नाही म्हणणं जड जातं. मी सवयीनं सावरून बसलो, म्हटलं, निरोप आता माझ्याकडे येणार.

सुलोचनाबाईंनी मान वर केली आणि माझ्यावरून नजर पुढं नेऊन भाटव्यांकडे पाहिलं.

"अजी, मनिषले सांगा," त्या म्हणाल्या, "मी दिवाळी झाली का येईन. चार दिवस राहीन, टीनाच्या हातचं खाईन, नातवाईले झोपवीन. पन राहाले नाही येत. मले माह्यं घर हाय."

भाटवे ताठ बसले. आयुष्यभर त्यांचे निरोप दुसऱ्यानं नेले होते, आज पहिल्यांदा त्यांच्याकडे निरोप आला होता. त्यांनी मनिषकडे तोंड वळवलं.

"मनिष, तुही आई म्हनते, दिवाळी झाली का येईन. चार दिवस राहीन, टीनाच्या हातचं खाईन, नातवाईले झोपवीन. पन राहाले नाही येत." एक अक्षर त्यांनी गाळलं नाही. शेवटाशी मात्र ते खाकरले, आणि पुढचं बोलले.

"म्हनते, मले माह्यं घर हाय."